कोथरूडचा वर्षावृक्ष: प्रकल्प नोंदी, मार्च ते ऑगस्ट २०२४

१८ मार्च

कोथरूडमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारातल्या वर्षावृक्षाची (रेन ट्री) छाटणीच्या कामासाठी आज पहिली पाहणी केली. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या पातळीवर, बुंध्याचा घेर ३.६ मीटर भरला. खोड चार मीटरवर तीन मोठ्या फांद्यांत विभागले आहे. पहिली फांदी रस्त्याच्या बाजूला, दुसरी वाहनतळावर आणि तिसरी दक्षिणेकडच्या इमारतीच्या गच्चीकडे गेली आहे. वाहनतळावरची फांदी जवळजवळ आडवी असून तिची लांबी चौदा मीटरच्या आसपास आहे. वर्षावृक्ष मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला. तो उंचीपेक्षा आडवा जास्त पसरतो, आणि मोकळ्या जागेत त्याच्या डोलाऱ्याचा व्यास तीस मीटरपर्यंत जातो. आपल्याकडे सावलीसाठी रस्तोरस्ती तो लावला गेला तो याच गुणामुळे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याची भीती वाटते तीही याच गुणामुळे.

संस्थेच्या समितीचे म्हणणे असे, की गेल्या पावसाळ्यात एक फांदी मोटारीवर पडली, शेंगांचा चिकट गर गाड्यांवर बसतो, म्हणून झाड ‘अर्धे करून’ द्यावे. एका ठेकेदाराने त्यांना माझ्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी रकमेचे पत्रक दिले आहे. हे पत्रक स्वस्त का आहे, ते समितीला नीट समजावून सांगणे मला आवश्यक वाटले. शहरातल्या छाटणीच्या कामात मजुरी कमी लावून लाकूड आपण न्यायचे, ते वखारीला विकायचे आणि खरी कमाई त्यातून करायची, अशी पद्धत सर्रास आहे. त्या हिशेबात बारीक फांदीला किंमत नसते आणि मांडीएवढ्या जाड फांदीला असते, त्यामुळे करवत आपोआप जाड फांदीकडे वळते. यात त्या माणसांचा दुष्टपणा नाही. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात ती गोष्ट जास्त होते, एवढेच. मी दिवसाच्या कामाचे पैसे घेतो आणि निघालेले लाकूड व पाला संस्थेकडेच राहतो. मी कमी कापले म्हणून माझे नुकसान होत नाही. ही अट पत्रकात पहिल्या ओळीत लिहिली.

२२ मार्च

सविस्तर पाहणीसाठी सकाळी लवकर गेलो. झाडाची जुनी पाने बहुतांश गळली असून नवी पालवी नुकती फुटते आहे, त्यामुळे फांद्यांचा सांगाडा स्पष्ट दिसतो. पाहणीसाठी वर्षातला हा सर्वांत चांगला काळ आहे. दुर्बीण घेऊन खालून प्रत्येक बेचका पाहिला, मग दोर टाकून वर गेलो.

रस्त्याकडच्या फांदीचा शेंडा काही वर्षांपूर्वी मधूनच उडवलेला आहे. त्या थोटक्याच्या कडेने फुटव्यांचा झुपका आला असून त्यातले काही आता मनगटाहून जाड आहेत. शेंडा मारलेल्या झाडाचे हे ठरलेले लक्षण होय. नैसर्गिक रीतीने वाढलेली फांदी आपल्या मूळ फांदीच्या लाकडात वर्षानुवर्षे गुंतत जाते, कारण दोघींच्या लाकडाचे थर एकमेकींवर चढत राहतात. फुटवा मात्र सालीखालच्या सुप्त डोळ्यातून एकदम बाहेर येतो, झपाट्याने वाढतो आणि त्याची पकड वरच्या पातळ थरापुरतीच असते. त्याच वेळी थोटक्याचे टोक आतून कुजत असते. वजन वाढते आहे आणि पाया कुजतो आहे, अशी ती जागा असते. गेल्या पावसाळ्यात पडलेली ‘फांदी’ याच झुपक्यातली होती, हे तिच्या राहिलेल्या व्रणावरून उघड दिसले. म्हणजे संस्थेला ज्या धोक्याची भीती वाटते तो पूर्वीच्या छाटणीतूनच निर्माण झाला आहे, आणि झाड आणखी अर्धे केले तर पाच-सहा वर्षांनी अशीच दहा-वीस ठिकाणे तयार होतील.

दक्षिणेकडच्या फांदीत एक ढोली आहे. लाकडी हातोडीने फांदी ठोकत गेलो. भरीव लाकडाचा आवाज बसका आणि घट्ट येतो, पोकळीवर तो बदलून घुमतो. आवाज जिथे बदलला तिथे खडूने खुणा केल्या आणि ढोलीच्या तोंडातून पातळ सळई घालून भिंतीची जाडी मोजली. फांदीची त्रिज्या पंचवीस सेंटिमीटर आहे आणि निरोगी लाकडाची भिंत सर्वांत पातळ जागीही बारा सेंटिमीटरहून जास्त मिळाली. क्लाउस माटेक या जर्मन अभ्यासकाने पोकळ खोडांसाठी असा आडाखा मांडला आहे, की भरीव भिंतीची जाडी त्रिज्येच्या तीन दशांशांहून कमी झाली, की खोड मोडण्याचा धोका ठळकपणे वाढतो. हा आडाखा उभ्या खोडासाठी आहे, आडव्या फांदीला तो जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. तरीही इथे हिशेब साडेसात सेंटिमीटरचा येतो आणि आपल्या हातात त्याहून बरेच जास्त आहे. फांदी ठेवता येईल. टोकाचे वजन मात्र कमी केले पाहिजे.

बुंध्याशी भूछत्रे नाहीत, साल सुटलेली नाही, माती उचललेली किंवा भेगाळलेली नाही. परंतु बुंध्याला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक आणि त्यांखाली काँक्रीट आहे. याची वेगळी नोंद समितीच्या अहवालात केली.

२ एप्रिल

समितीची बैठक झाली. मी आराखडा मांडला: शेंडा मारायचा नाही, वाळलेल्या फांद्या सर्व काढायच्या, तीनही मुख्य फांद्यांची टोके आखूड करायची, रस्त्याकडच्या झुपक्यातले निवडक फुटवे ठेवून बाकीचे काढायचे, आणि एकंदर हिरव्या डोलाऱ्याचा पाचवा हिस्साही निघणार नाही याची काळजी घ्यायची. सचिवांनी विचारले, की इतके थोडे कापून उपयोग काय. प्रश्न योग्य होता, म्हणून कागदावर चौदा मीटरची रेघ काढून दाखवली. फांदीच्या बुडावर येणारा ताण वजनाला अंतराने गुणून येतो. बुडापासून दोन मीटरवरची पन्नास किलोची उपफांदी काढली, तर जो भार हलका होतो तोच टोकाजवळची आठ किलोंची डहाळी काढून हलका होतो. आपल्याकडे नेमके उलटे करतात: टोकापर्यंत जायला चढण्याचे कसब लागते, म्हणून हात पोचेल तिथल्या आतल्या फांद्या साफ केल्या जातात आणि टोकाला पानांचा गोंडा शिल्लक राहतो. अशी फांदी वाऱ्यात जास्त झोके खाते आणि आधी मोडते. लोक त्याला ‘झाड मोकळे केले’ म्हणतात.

तळमजल्यावरच्या एका वयस्कर सभासद बाई शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आम्ही शहाऐंशी साली इथे राहायला आलो, तेव्हाच ह्याची सावली दुसऱ्या मजल्यावर जात होती.” ही माहिती महत्त्वाची आहे, कारण तिच्यावरून झाडाच्या वयाचा अंदाज येतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्षसंरक्षण व जतन अधिनियम १९७५ मध्ये २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड ‘हेरिटेज’ ठरते, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट येते. शिवाय मूळ कायद्यातच ‘झाड तोडणे’ या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे धरलेले आहे. ‘अर्धे करणे’ हे त्या व्याख्येत बसते, हे ऐकल्यावर बैठकीचा सूर बदलला. आराखडा मंजूर झाला.

महापालिकेच्या उद्यान विभागाकडे छाटणीच्या परवानगीचा अर्ज संस्थेच्या नावाने तयार केला. छायाचित्रांवर प्रस्तावित छेद लाल रंगाने दाखवले. आचारसंहिता लागू असल्याने आणि कर्मचारी निवडणुकीच्या कामावर असल्याने पाहणीला वेळ लागेल, असे गृहीत धरून वेळापत्रक सैल ठेवले आहे. स्वतंत्र काम करणाऱ्याला अशा थांबण्याच्या दिवसांचे पैसे कोणी देत नाही. म्हणूनच आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मी अर्जाचे कामही सुरू करत नाही.

२९ एप्रिल

परवानगी हातात आली. सोबतच्या अटी नेहमीच्याच आहेत, पण खोड व मुख्य फांद्यांना धक्का लावू नये ही अट स्पष्ट शब्दांत आल्याचा आनंद वाटला.

दोराने वर जाऊन घरटी पाहिली. झाड फुलांवर आहे, गुलाबी तुऱ्यांभोवती मधमाश्यांची ये-जा चालू आहे, मात्र आग्या मोहोळ कुठेही नाही. दक्षिणेकडच्या फांदीच्या टोकाजवळ कावळ्याचे घरटे असून त्यात अंडी आहेत. ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ घरट्यांना आणि अंड्यांना संरक्षण देतोच, पण कायदा नसता तरी ही फांदी मी आता हातात घेतली नसती. तिचे काम पिल्ले उडाल्यावर होईल, असे संस्थेला लेखी कळवले. ढोली सिमेंटने बुजवून द्यावी, अशी एका सभासदाची सूचना होती. पूर्वी तसे करत असत. सिमेंट वाऱ्याबरोबर वाकत नाही, लाकूड वाकते. दोहोंमध्ये फट पडते, फटीत पाणी साचते आणि कूज वाढते. ढोली जशी आहे तशीच राहील.

रस्त्याकडच्या फांदीखालून विजेची तार जाते. महावितरणकडे त्या फांदीच्या कामाच्या दिवसापुरता पुरवठा बंद ठेवण्याची विनंती दिली. ओली फांदी आणि ओला दोर दोन्हींतून वीज वाहू शकते, तेव्हा ‘जरा सांभाळून कापू’ हा पर्याय विचारात घेत नाही.

संध्याकाळी घरी सर्व सामान पसरून तपासले. चढण्याच्या दोराचा प्रत्येक हात बोटांतून सरकवून पाहिला, कारण आतला गाभा तुटला असेल तर तिथे बोटाला खळगा जाणवतो. एका कॅराबिनरचे, म्हणजे दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचे, कुलूप सावकाश मिटते आहे. तो बाजूला काढला आणि त्याच्यावर लाल पट्टी लावली, म्हणजे कोणी चुकून उचलणार नाही.

६ मे

सकाळी साडेसहाला सुरुवात, अकराला काम बंद. या दिवसांत अकरानंतर वर राहणे धोक्याचे आहे; ऊन डोक्यात गेले, की गाठ तपासण्याचे भान सर्वांत आधी जाते.

माझ्याबरोबर दोन सहकारी आहेत. एकजण सिंधुदुर्गातला. लहानपणापासून माडावर चढलेला, उंचीची त्याला यत्किंचितही भीती नाही, आणि याच कारणाने हार्नेसशिवाय वर जाऊ नये हे त्याला सुरुवातीला अनेकदा सांगावे लागले. दुसरा बीड जिल्ह्यातला, ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबातला. जमिनीवरचा दोर तो सांभाळतो. खाली उभा असलेला माणूस हाच वर चढलेल्याचा जीव सांभाळत असतो, असे मी प्रत्येक नव्या कामगाराला सांगतो.

वाहनतळावरच्या फांदीपासून सुरुवात केली. पायाला लोखंडी काटे लावून चढणे सोपे असते, पण जे झाड जगवायचे त्याच्यावर काटे वापरायचे नाहीत. प्रत्येक काटा सालीत भोक पाडतो. दोर वरच्या भक्कम बेचक्यात साल-रक्षक पट्टा घालून अडकवला, सरकगाठीवर वजन टाकून पाहिले आणि फांदीवर चालत टोकाकडे गेलो. चालत जाताना दोर वरून खेचलेला असतो, त्यामुळे पायांवर अर्धेच वजन येते. टोकाकडे जाताना फांदी खाली किती झुकते, हे पायांना कळते आणि त्यावरून पुढे जायचे की थांबायचे ते ठरते.

पहिला मोठा छेद तपशीलाने नोंदवतो, कारण सारे काम अशाच छेदांवर अवलंबून आहे. फांदी जिथून निघते तिथे वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली, उंच रेघ असते आणि खालच्या बाजूला फुगीर कडे असते. हे कडे खोडाचे आहे, फांदीचे नव्हे. छेद त्या कड्याच्या अगदी बाहेरून द्यायचा: कडे कापायचे नाही आणि खुंटही सोडायचा नाही. थेट तिथेच करवत लावली, तर फांदी आपल्या वजनाने अर्धवट कापलेली असताना खाली येते आणि खोडाची साल लांबवर सोलत नेते. म्हणून आधी हातभर पुढे खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत छेद, मग त्याच्या किंचित पुढे वरून दुसरा छेद, आणि वजन उतरल्यावर शेवटचा नेमका छेद. तीस सेंटिमीटर जाडीची आणि तीन मीटर लांबीची ओली फांदी दीडशे ते दोनशे किलोंची भरते. ती सोडून द्यायची नसते. दुसऱ्या दोराने बांधून, बुंध्याला वेढे देऊन, सावकाश उतरवायची असते. आजच्या फांद्या बहुतेक हाताच्या करवतीने झाल्या. यंत्राची करवत फक्त दोनदा वर मागवली आणि ती चालवताना दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधून घेतले, कारण साखळी दोराला नुसती टेकली तरी दोर राहत नाही.

काढलेल्या टोकांच्या जागी मागची उपफांदी ठेवली आहे. ती काढलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असली पाहिजे, म्हणजे पुढची वाढ ती आपल्याकडे घेते आणि फुटव्यांचा झुपका येत नाही.

७ मे

पुरवठा बंद ठेवण्याची वेळ पाळली गेली आणि रस्त्याकडची फांदी पूर्ण झाली. झुपक्यातले सगळे फुटवे काढण्याचा मोह होतो, पण मग थोटके पुन्हा तितकेच फुटवे सोडते. चांगल्या जागी असलेले थोडे राखले, त्यांची टोके हलकी केली. दर दोन वर्षांनी यांतले कमी करत जायचे आणि शेवटी एक-दोनांनाच फांदी बनू द्यायचे, अशी योजना आहे. मोडलेली घडी परत बसवायला झाडाला वेळ लागतो.

काम चालू असताना खालून हाक आली, “दादा, त्या वरल्या फांदीला भेग हाय, तिकडून येऊ नका.” ती भेग वरून पानांमुळे मला दिसत नव्हती. परतीचा मार्ग बदलला आणि ती वाळकी फांदी दुसऱ्या बेचक्यातून बांधून उतरवली.

सभासदांनी छेदांवर रंग किंवा मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावण्याचा आग्रह धरला. आंब्याच्या बागेत बोर्डोचा उपयोग वेगळ्या कारणासाठी होतो, तो माझ्याही अनुभवाचा आहे. पण मोठ्या झाडाच्या आतली कूज वरच्या लेपाने थांबत नाही. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले, की झाड जखम माणसासारखी भरून काढत नाही. ते जखमी लाकडाभोवती आतून भिंती उभारते, कूज कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. ती भिंत उभारण्याची सामग्री त्या फुगीर कड्यात असते. छेद योग्य जागी असेल तर लेपाची गरज नाही, आणि चुकीच्या जागी असेल तर लेपाने काही साधत नाही.

१३ मे

आज पुण्यात आणि बीडमध्ये मतदान, म्हणून काम बंद. संध्याकाळी मुंबईतल्या वादळाची आणि घाटकोपरला कोसळलेल्या जाहिरात फलकाची बातमी आली. फार वाईट बातमी आहे.

१५ मे

परवापासून फोन थांबलेला नाही. वाऱ्याने काही मोठे पडले आणि माणसे गेली, की प्रत्येकाला आपल्या आवारातले झाड आठवते. भीती समजण्यासारखी आहे; झाडाबद्दल ‘काही होणार नाही’ असे छातीठोक सांगणारा माणूसही तितकाच बेजबाबदार असतो. मी प्रत्येकाला आधी पाहणी, मग निर्णय, असेच सांगितले. ज्यांना उद्याच तोडून हवे होते त्यांना नकार दिला.

कर्वे रस्त्यामागच्या एका बंगल्यातल्या गुलमोहराबाबत मात्र निर्णय उलटा द्यावा लागला. बुंध्याशी गॅनोडर्मा या बुरशीचे लाकडासारखे टणक, वर लाखेसारखे चकाकणारे छत्र आले होते. ठोकल्यावर बुंधा सर्व बाजूंनी पोकळ वाजला आणि सळई एका जागी जवळजवळ अडथळ्याशिवाय आत गेली. काही वर्षांपूर्वी सांडपाण्याच्या नळासाठी खोदलेला चर बुंध्यापासून हातभर अंतरावरून गेला आहे. त्या बाजूची मुळे तेव्हाच तुटली असणार आणि बुरशीला वाट मिळाली. डोलारा फुलांनी भरलेला होता. मुळे संपत आलेले झाडही भरभरून फुलते, त्यामुळे पाहणाऱ्याची फसगत होते. घरमालकांना झाड काढण्यासाठी अर्ज करण्याचा सल्ला दिला आणि तोवर त्याखाली कोणी बसू नये, असे लेखी कळवले. झाड तोडा असे सांगणे हाही माझ्या कामाचाच भाग आहे. ते सांगताना वाईट वाटते, पण शब्द गुळमुळीत ठेवून चालत नाही.

२० मे

वर्षावृक्षाच्या बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढण्याचे काम आज सुरू केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता, तो आपल्याकडेही आधार म्हणून सांगता येतो. समितीने वाहनतळाची एक जागा कमी करून दीड मीटर द्यायचे मान्य केले, ही मोठी गोष्ट आहे. पुण्यात वाहनतळाची जागा सोडायला सहसा कोणी तयार होत नाही.

पेव्हर ब्लॉक हाताने निघाले. त्यांखालचे काँक्रीट फोडायला ब्रेकर आणायचे ठरत होते, ते मी थांबवले. झाडाची बरीचशी मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे त्याहूनही वर. छिन्नी-हातोड्याने छोटे तुकडे करत गेलो. एका तुकड्याखाली केसासारख्या पांढऱ्या मुळांची जाळी काँक्रीटच्या तळाला चिकटून पसरलेली होती, कारण तिथेच बाष्प जमून थोडा ओलावा राहत होता. तो तुकडा उचलताना मुळे सोडवायला बराच वेळ लागला. उघड्या पडलेल्या मुळांवर लगेच ओले गोणपाट टाकले आणि माती चढवली.

छाटणीत निघालेल्या बारीक फांद्यांचे तुकडे आणि पाला त्या आळ्यात पसरला. थर चार बोटांहून जाड ठेवला नाही आणि बुंध्यापासून वीतभर दूर ठेवला, कारण ओला पाला सालीला चिकटून राहिला तर साल कुजते. बुंध्याला गेरू-चुना लावायचा का, अशी विचारणा झाली. नको म्हणून सांगितले. बुंध्यातले खिळे आणि जुन्या दिव्यांच्या माळेची तार मात्र काढली. तार एका जागी सालीत पूर्ण गाडली गेली होती. तिथे ओढाताण न करता दोन्ही बाजूंनी कापून आतला भाग तसाच ठेवला.

१० जून

परवाच्या मुसळधार पावसाने शहरात ठिकठिकाणी पाणी भरले आणि झाडेही पडली. आज वर्षावृक्षाखाली जाऊन पाहिले. बोटाएवढ्या डहाळ्या सोडल्या तर काही पडलेले नाही. आळ्यात पाणी मुरले आहे. एका पावसावरून निष्कर्ष काढता येणार नाही, परंतु आखूड केलेल्या फांद्यांची टोके वाऱ्यात कशी हलतात ते पाहता आले, आणि वाहनतळावरची फांदी पूर्वीसारखी संथ खालीवर होण्याऐवजी लहान हेलकावे घेते आहे.

गेल्या महिन्यात ज्या आवारांतून फोन आले होते, त्यांतल्या एकाने दरम्यान दुसऱ्याकडून काम करून घेतले. जाताना ते दिसले. सात उभे खांब, एकही पान नाही. ऐन पावसाच्या तोंडावर पाने गेली म्हणजे अन्न तयार करण्याचे साधन गेले आणि उन्हाची सवय नसलेली साल उघडी पडली. आता ती झाडे साठवलेले अन्न खर्च करून फुटवे सोडतील, लोक म्हणतील पाहा, कशी भरून आली, आणि काही वर्षांनी तेच फुटवे गाड्यांवर पडतील.

२१ जून

कावळ्याची पिल्ले उडून गेली. घरटे रिकामे असल्याची वर जाऊन खात्री केली आणि दक्षिणेकडच्या फांदीचे काम पूर्ण केले. फांदी ओली आणि शेवाळलेली असल्याने चालत न जाता दोन दोरांवर बसून पुढे सरकलो. ढोलीच्या वर एकही छेद दिला नाही. वजन फक्त टोकाला कमी केले. पिंगळे आम्ही खाली उतरेपर्यंत शेजारच्या आंब्यावर बसून होते.

विम्याच्या नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात भरला. व्यवसायाच्या रकान्यात आमच्या कामाला नाव नाही. ‘माळी’ लिहिले तर हप्ता कमी बसतो, पण उंचीवरून पडल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून ‘दोराच्या साहाय्याने उंचीवर वृक्षछाटणी’ असे सविस्तर लिहिले, आणि दोन्ही सहकाऱ्यांच्या अर्जांतही तेच लिहिले. हप्ता वाढला. तो पुढच्या पत्रकांत धरला जाईल.

२६ जुलै

काल शहरात पूरस्थिती होती आणि सिंहगड रस्त्यावर घरांत पाणी शिरले. या आवारात तसे काही झाले नाही, तरीही सलग पावसाने माती पूर्ण भिजली की मोठे झाड मुळासकट कलंडण्याचा धोका असतो, म्हणून आज पाहणी केली. बुंध्याच्या भोवती माती उचललेली नाही, वाऱ्याच्या बाजूला भेग नाही. काँक्रीट काढल्यामुळे माती सैल होऊन झाड पडेल, अशी शंका एका सभासदाने घेतली होती. झाडाला काँक्रीट धरून ठेवत नाही, मुळे धरून ठेवतात, आणि मुळांना हवा लागते. त्यांना आळ्यातली माती उकरून नवी मुळे दाखवली.

१४ ऑगस्ट

शंभर दिवसांनंतरची पाहणी. बहुतेक छेदांभोवती नव्या लाकडाची फिकट, गोल कडी सर्व बाजूंनी सारखी वर येते आहे. छेद कड्याच्या बाहेरून नेमका बसल्याची ही खूण आहे. कडे कापले गेले असते, तर नवे लाकूड फक्त दोन बाजूंनी आले असते आणि वर-खाली मोकळे राहिले असते. रस्त्याकडच्या थोटक्यावर नवे फुटवे आले आहेत, अपेक्षेपेक्षा कमी. त्यातले कोवळे हातानेच मोडले.

मुंबईत गेल्या दशकात अनेक वर्षावृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने वाळले, म्हणून पानांच्या मागच्या बाजूला आणि कोवळ्या देठांवर कापसासारखा पांढरा थर आहे का ते काळजीपूर्वक पाहिले. सध्या नाही. सुरक्षारक्षकाला छायाचित्र दाखवून ठेवले, म्हणजे दिसल्यास तो लगेच कळवेल.

उरलेली रक्कम संस्थेने आज दिली. जाड लाकूड सभासदांनी वाटून घेतले, त्यातल्या दोन ओंडक्यांचे तळमजल्यावरच्या बाईंनी अंगणात बाक करून घेतले. समितीने पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीचे पत्रक मागितले आहे. त्यात छाटणी फक्त दुसऱ्या वर्षी धरली असून पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी नुसती पाहणी ठेवली आहे. पुढची पाहणी मार्चमध्ये, पानगळ झाल्यावर. दक्षिणेकडच्या ढोलीची भिंत त्याच खडूच्या खुणांवर पुन्हा मोजायची आहे, म्हणून खुणांच्या जागा आराखड्यावर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवल्या.